घराच्या विम्याचं कोटेशन रास्त आहे का? वसईचा फ्लॅट आणि जुळे सोलापूरचं घर शेजारी ठेवून

मुलीने वसईला फ्लॅट घेतला तेव्हा कर्जाच्या फाइलीचे फोटो तिने मला सोलापूरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. ३८ पानं. "बाबा, सह्यांच्या जागा बरोबर आहेत का तेवढं बघा." एकतिसाव्या पानावर एक ओळ होती: मालमत्ता विमा, मुदत १० वर्षे, विमा रक्कम ६२ लाख, एकरकमी हप्ता ४२,०००, जीएसटी ७,५६०, एकूण ४९,५६० रुपये. आणि ही रक्कम कर्जातच मिळवलेली.

फोन केला. "हे काय गं?"

"समुद्राजवळ आहे ना बाबा, म्हणून जास्त असेल. बँकेतले सर म्हणाले, कंपल्सरी आहे."

समुद्राजवळ आहे म्हणून जास्त. ऐकल्या ऐकल्या पटतं. मलाही दोन दिवस पटलं होतं. सोलापूरच्या माणसाचा पाण्याशी संबंध तो किती? सिद्धेश्वर तलाव आणि चार-पाच दिवसांआड येणारा नळ. समुद्राच्या नावाखाली कुणी काहीही आकडा लावला तरी आपण मान डोलावणार.

पण आयुष्यभर बांधकामांची एस्टिमेट करण्यात गेल्यामुळे आकडा दिसला की तो उलगडून बघायची खोड लागली आहे. त्याच महिन्यात जुळे सोलापूरच्या आमच्या घरासाठीही एक कोटेशन मागवलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यातून जे हाती लागलं ते पहिलंच घर घेणाऱ्यांसाठी इथे क्रमाने लिहितो. घर खाडीकाठी असो नाहीतर होटगी रोडला, रीत तीच.

पहिली पायरी: विमा नक्की कशाचा?

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण इथेच बरेच जण फसतात. कर्जाच्या फाइलीत दोन वेगळे विमे असू शकतात. 'लोन सुरक्षा' किंवा तशा नावाचा असतो तो कर्जदाराच्या जिवाचा. माणूस गेला तर त्यातून कर्ज फिटतं. घर जळलं, बुडालं तर त्यातून एक रुपया मिळत नाही. दुसरा असतो तो मालमत्तेचा, म्हणजे घराचा. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ सहा वर्षं "आपल्या घराचा विमा आहे" म्हणून निवांत होते. कागद काढून बघितला तर तो त्यांचा स्वतःचा निघाला.

एक खूण सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के कायम आहे. त्या तारखेनंतरच्या कोटेशनमध्ये घराच्या विम्याच्या नावाखाली जीएसटीची ओळच नसेल, तर कागद परत नीट वाचा.

दुसरी पायरी: हजाराला किती पडतात ते काढा

एकूण हप्ता बघून काहीच कळत नाही. १० वर्षांचा आणि १ वर्षाचा हप्ता, ६२ लाखांचा आणि २० लाखांचा, यांची तुलना करायची तर सगळे एका मापात आणावे लागतात. विमावाल्यांचं जुनं माप आहे दर हजारी. जीएसटी सोडून हप्ता घ्या, वर्षांनी भागा, मग विमा रकमेत जितके हजार आहेत तितक्याने भागा.

बँकेचं कोटेशन: ४२,००० भागिले १०, म्हणजे वर्षाला ४,२००. ६२ लाख म्हणजे ६,२०० हजार. ४,२०० भागिले ६,२००. हजाराला साधारण ६८ पैसे.

मग दुसऱ्या एका कंपनीकडून त्याच फ्लॅटसाठी मागवलं. विमा रक्कम मी काढून दिलेली, १६ लाख २० हजार. १० वर्षांचा हप्ता ५,९००, जीएसटीसह ६,९६२. हजाराला ३६ पैसे.

आमच्या सोलापूरच्या घराचं एक वर्षाचं कोटेशन: विमा रक्कम साडेतेवीस लाख, हप्ता ९४०. हजाराला ४० पैसे. एक वर्षाची पॉलिसी असल्याने त्यात लांब मुदतीची सूट नाही.

म्हणजे खाडीकाठचा फ्लॅट ३६ पैसे आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेलं घर ४० पैसे! मला वाटलं होतं वसईचा दर निदान दुप्पट येईल. हे आकडे माझ्यापुढच्या तीन कागदांवरचे आहेत, तुमच्या हातात वेगळे येतील. पण समुद्राचं कारण पुढे करून कुणी सात पट पैसे मागत असेल, तर ते कारण कोटेशनमध्ये कुठल्या ओळीत बसलंय ते त्यालाच दाखवायला सांगा.

४९,५६० कुठे आणि ६,९६२ कुठे. सात पटीचा फरक. यातला दराचा वाटा दुपटीपेक्षाही कमी. उरलेली जवळजवळ चौपट आली विमा रकमेतून.

जाता जाता एक. १ जानेवारी २००७ पूर्वी आगीच्या विम्याचे दर छापील टॅरिफप्रमाणे ठरलेले असायचे. कुठल्याही कंपनीत जा, दर तोच, त्यामुळे रास्त-अरास्त हा प्रश्नच नसे. त्या तारखेपासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली. तेव्हापासून घासाघीस आपल्याकडे आली, पण बहुतेकांना हे माहीतच नाही. नवी पेठेत चादर घेताना दहा रुपयांसाठी अर्धा तास घालवणारे आपण, इथे मात्र ठिपक्यांच्या रेघेवर गुमान सही करतो.

तिसरी पायरी: विमा रक्कम कुठून आली?

या पायरीवर वेळ घाला. बाकीच्या चुकल्या तरी चालतील.

६२ लाख ही फ्लॅटची किंमत होती. तिच्यात जमीन आली, स्टेशन जवळ असल्याचं मोल आलं, बिल्डरचा नफा आला. यातलं काहीही जळत नाही की वाहून जात नाही. विमा उतरवायचा तो भिंती, स्लॅब, फरशी, खिडक्या, वायरिंग आणि नळकाम यांचा. उद्या ते सगळं पुन्हा नव्याने बांधायला किती लागेल तेवढाच. आणि क्लेम बसतो तो प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीवर. स्वयंपाकघर जळालं तर ते पूर्ववत करायचा खर्च मिळेल. पॉलिसी ६२ लाखांची आहे म्हणून ओटा सोन्याचा होणार नाही.

विमा नियामक इर्डाईने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एक ठराविक पॉलिसी आणली आहे. तिच्यात विमा रक्कम काढायची रीतच लिहिलेली आहे: कार्पेट क्षेत्रफळ (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले पॉलिसी सुरू होते त्या दिवशीचा बांधकाम खर्चाचा दर. मुलीच्या फ्लॅटचं कार्पेट ५४० चौरस फूट. तिथल्या बांधकामाचा दर ओळखीच्या दोघा-तिघांना विचारून मी ३,००० रुपये धरला. ५४० गुणिले ३,०००, १६ लाख २० हजार. संपलं.

आमचं घर बैठं, कार्पेट १,१०० फूट. सोलापूरच्या हिशेबाने २,००० चा दर, म्हणजे २२ लाख. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी आणि पुढची पत्र्याची शेड यांचे दीड लाख वेगळे धरले. हे आठवणीने करा. कुंपणाची भिंत पडली की मग आठवतं, ती यादीत नव्हतीच.

बांधकामाचा दर कुणाला विचारायचा? कोटेशन देणाऱ्याला नाही. तुमच्या भागात गेल्या वर्षभरात घर बांधलेल्या दोन माणसांना आणि एका कॉन्ट्रॅक्टरला विचारा, मधला आकडा घ्या. मुद्रांक विभागाचा रेडी रेकनरचा सदनिकेचा दर इथे लावू नका. त्यात जागेची किंमत आहे, म्हणजे आपण परत फिरून ६२ लाखांकडेच जातो.

आता उलटी चूक. हप्ता कमी दिसावा म्हणून काही जण रक्कमच कमी लावून देतात. भारत गृह रक्षात एक सोय आहे. विमा रक्कम कमी पडली म्हणून त्या प्रमाणात क्लेम कापायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण कमाल मर्यादा शेवटी विमा रकमेचीच राहते. २२ लाखांच्या घराला १० लाख लावलेत आणि घर पूर्ण गेलं, तर उरलेलं तुमच्या खिशातून.

लांब मुदतीच्या पॉलिसीबद्दल मी आधी साशंक होतो. १० वर्षांनी सिमेंटचा भाव काय असेल? पण या पॉलिसीत विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, मूळ रकमेच्या जास्तीत जास्त दुपटीपर्यंत, तीही जादा हप्ता न घेता. त्यामुळे "पुढे महागाई होईल म्हणून आत्ताच जास्त लावून ठेवा" असं कुणी म्हणालं, तर त्याने पॉलिसी वाचलेली नाही. किंवा वाचली आहे.

आणि कर्जात मिळवलेला हप्ता? ४९,५६० रुपये २० वर्षांच्या कर्जात, पावणेनऊ टक्के व्याजाने, म्हणजे महिना साधारण ४३८ रुपये. २० वर्षांत १ लाख ५ हजारांच्या आसपास. पॉलिसी दहाव्या वर्षी संपते, तिचे हप्ते विसाव्या वर्षापर्यंत चालू. मुलीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

चौथी पायरी: सगळ्यांकडून एकाच पॉलिसीचा भाव मागा

भारत गृह रक्षाचा मजकूर सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो आणि आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती द्यावीच लागते. आपल्याला हेच हवंय. पॉलिसी तीच, रक्कम तीच, मुदत तीच, मग उरतो फक्त दर. एजंट "आमचा पॅकेज प्लॅन जास्त चांगला आहे" म्हणेल. असेलही. त्याचा भाव नंतर विचारा.

पॉलिसीत काय येतं: आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, त्सुनामी, पूर, पाणी तुंबणं, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, कशाचीही धडक. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याचीही तरतूद आहे. घरसामानाचा विमा इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, १० लाखांच्या मर्यादेत, यादी न देता आपोआप मिळतो. वसईच्या फ्लॅटला तो ३ लाख २४ हजार झाला. फ्रिज, कपाट, टीव्ही, कपडे, भांडी धरून मुलीचा संसार त्यात बसतो. तरी बँकेच्या ओळीखाली 'कंटेन्ट' म्हणून वेगळे पैसे लावलेत का ते बघा.

काय येत नाही ते जास्त महत्त्वाचं. साधी चोरी येत नाही. आग-पूर असं काही घडल्यावर ७ दिवसांच्या आत त्याच कारणाने चोरी झाली तर तेवढी धरतात. उन्हाळ्यात गावी गेल्यावर कडी-कोयंडा तोडला, तर ते यात नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं कव्हर लागतं. दागिनेही आपोआप येत नाहीत, जादा घ्यावे लागतात. ५ लाखांपर्यंत आणि एक नग १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत. रोख रक्कम कुठेच नाही. गाडीही नाही, बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये बुडाली तरी ती गाडीच्या विम्याची बाब.

पाचवी पायरी: तुमच्या घरी पाणी कुठून येतं?

दर समजला, रक्कम समजली. आता स्वस्त कोटेशनही वाईट कसं असू शकतं ते बघू.

वसई-विरारकडे पाणी का तुंबतं हे मुलीच्या बिल्डिंगच्या वॉचमनने मला जितकं नीट सांगितलं तितकं कुणी सांगितलं नाही. पाऊस मोठा आणि त्याच वेळी खाडीला भरती. नाल्याच्या तोंडापेक्षा खाडीचं पाणी वर, मग नाल्यातलं जाणार कुठे? पूर्वी ते मिठागरांत आणि सखल भातखाचरांत पसरायचं. तिथे आता भराव टाकून बिल्डिंगा झाल्या. जुलै २०१८ मध्ये तो भाग पाण्याखाली गेला, लोकल बंद पडल्या. त्याआधी २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे सोलापुरात अख्ख्या वर्षातही सहसा इतका होत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा घरांवरचे पत्रे उडून गेले.

हे सगळं पुरात आणि वादळात धरतात. मग वाद कशावर होतात?

भरावावर. पॉलिसीत जमीन खचण्याचं संरक्षण आहे, पण भराव टाकलेली जमीन बसली किंवा सरकली, किनारा-नदीकाठ झिजत गेला, नव्या बांधकामाला नेहमीच्या भेगा पडल्या, कामच निकृष्ट होतं, असं असेल तर ते वगळलेलं आहे. खाडीकाठच्या नव्या वसाहतीत ही ओळ सगळ्यात आधी वाचा. बिल्डिंगच्या आवारातले पेव्हर ब्लॉक वर्षभरात चार इंच खचले तर त्याचे पैसे कुठल्याच कंपनीकडून मागता येणार नाहीत, मग हजाराला ३६ पैसे भरा नाहीतर ६८.

खाऱ्या हवेवरही होतात. हवेतलं मीठ काँक्रीटमधून आत जातं, लोखंडी सळीला गंज चढतो, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. ही झीज आहे, अपघात नाही. गच्चीची गळती, भिंतीची ओल यांचंही तेच. वर्षानुवर्षं गळणारा स्लॅब ऐन वादळाच्या रात्री कोसळला तर नुकसान मोजायला आलेला कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो गंजलेल्या सळीचाच काढेल. म्हणून पॉलिसी घेतल्या दिवशी घराचे फोटो काढून ठेवा, छताचे सुद्धा.

फ्लॅट बघायला जाल तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो शटरवरची रेघ दाखवेल. मीटर बॉक्स त्या रेघेच्या वर आहे की खाली, लिफ्टची मोटर कुठे आहे, पंप कुठे आहे, हे बघून घ्या. तुमचं घर चौथ्या मजल्यावर असलं तर तुमच्या सामानाला पुराचा धोका नगण्य आहे. तुमचा धोका वारा, काचा, वरच्या टाक्या आणि सामाईक यंत्रणा. तळमजला असेल तर सगळं उलट, आणि तिथे सामानाचं कव्हर वाढवून घेण्यात शहाणपण आहे.

एक जुनी युक्तीही सांगतो. पूर्वीच्या आगीच्या पॉलिसीतून पूर-वादळाचं कव्हर काढून हप्ता कमी करून घेता यायचा. आजही वेगळ्या नावाच्या एखाद्या पॉलिसीत भलताच स्वस्त दर दिसला, तर पूर, वादळ, भूकंप हे तिन्ही शब्द मजकुरात शोधा. खाडीकाठी पूर वगळलेली पॉलिसी म्हणजे रेनकोट सोडून गॉगल घेण्यासारखं आहे.

आपल्या सोलापुरात

इथे समुद्र नाही, भरती नाही. काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. जुळे सोलापूर, विजापूर रोड, कुठेही बघा. बांधकाम बसल्याने पडलेल्या अशा भेगा वगळलेल्यात जातात. भूकंपाने पडली तर मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हललं तेव्हा इथे आम्ही सगळे रस्त्यावर आलो होतो; भूकंप हा लातूरकरांचा प्रश्न आहे असं म्हणायची सोय आपल्याला नाही. जुन्या चिरांचे तारखेसह फोटो असले तर नवी चीर कुठली ते दाखवता येतं.

पूर आपल्याला येत नाही ही समजूत सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने मोडली. माढा, मोहोळ, करमाळ्याकडची गावं पाण्यात होती. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं जुनं घर असेल तर कोटेशन मागतानाच तसं लिहून कळवा, 'आरसीसी' म्हणून भरू देऊ नका. पावसाने माळवद भिजून गळणं आणि पुराचं पाणी घरात शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, क्लेमच्या वेळी तर फारच वेगळ्या.

पण सोलापूरचा खरा प्रश्न आहे खाली माग आणि वर घर. पूर्व भागात खालच्या खोलीत यंत्रमाग, जिन्याखाली सुताच्या गाठी, वर संसार. कुठे विड्यांसाठी आणलेला तंबाखू. भारत गृह रक्षा राहत्या घरासाठी आहे. माग आणि सुताला वेगळी पॉलिसी लागते. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'. एजंट हप्ता कमी बसावा म्हणून "घरच लिहा, कोण बघतंय" म्हणतो. आग लागली की बघतात. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले, मालकाचं कुटुंब तिथेच राहत होतं. आपल्या गावात राहण्याची जागा आणि कामाची जागा किती एक झाली आहे, याची ती जीवघेणी आठवण. विमा हा तिथला शेवटचा प्रश्न, आधी दुसरा जिना आणि वायरिंग. पण उतरवणार असाल तर खरं लिहून उतरवा.

आणि वर एक खोली चढवायचा विचार असेल तर कंपनीला कळवा. कार्पेट क्षेत्र १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं आणि कळवलं नाही, तर कव्हर अडचणीत येतं. वसईत हेच बाल्कनी बंद करताना लागू होतं.

सहावी पायरी: लेखी मागा

मी पाच जणांना हा मेसेज पाठवला. तुमचे आकडे घालून जसाच्या तसा वापरा:

"नमस्कार. मला फक्त भारत गृह रक्षा पॉलिसीचं कोटेशन हवंय. इमारत १६,२०,००० रुपये (५४० चौरस फूट कार्पेट, ३,००० दराने). घरसामान पॉलिसीत आपोआप मिळतं तेवढंच. मुदत १ वर्ष आणि १० वर्षं, दोन्हींचे हप्ते वेगळे द्या. हप्ता, जीएसटी आणि प्रत्येक जादा कव्हरची रक्कम वेगवेगळ्या ओळीत हवी. क्लेममधून सुरुवातीला किती रक्कम कापली जाते ते लिहा. पॉलिसीचा पूर्ण मजकूर पाठवा."

तिघांचं उत्तर आलं. एकाने फोन केला, "काका, एवढं कोण बघतंय?" पाचव्याने न मागितलेला आरोग्य विमा पाठवला. ज्यांनी ओळीओळीने उत्तर दिलं त्या तिघांच्या दरात फारसा फरक नव्हता, आणि त्यातूनच मला कळलं की ६८ पैसे जास्त आहेत. तीन कोटेशनं एका मापात आली की चौथं कुठे बसतं ते आपोआप दिसतं.

सगळ्यात स्वस्त घ्यायलाच हवं असं नाही. दोन-तीनशे रुपयांच्या फरकासाठी मी तरी जवळ ऑफिस असलेली कंपनी निवडेन. सोलापुरात सर्व्हेअर वेळेवर येतो का, हे आधी क्लेम घेतलेल्या माणसाला विचारलेलं बरं. नियम असा की सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. तसं झालं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग इर्डाईच्या 'बीमा भरोसा'वर किंवा १५५२५५ या नंबरवर. तिथेही भागलं नाही तर विमा लोकपाल. सोलापूरकरांना पुण्याचं कार्यालय, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी, फी नाही.

बँक आणि सोसायटी

घराचा विमा हवा ही बँकेची अट असू शकते, आणि ती रास्तही आहे. तो आमच्याच कंपनीकडून घ्या, अशी सक्ती करता येत नाही. मुलीने ई-मेल केला: मी भारत गृह रक्षा पॉलिसी बाहेरून घेत आहे, तुमचं नाव पॉलिसीत लावते, चालणार नसेल तर तसं लेखी कळवा. चौथ्या दिवशी उत्तर आलं, चालेल. 'कंपल्सरी' शब्द त्यात कुठेच नव्हता. बँकेचं नाव लागलेलं असलं की मोठ्या क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात, तेवढं लक्षात ठेवा. तुम्ही आधीच भरून बसला असाल आणि क्लेम घेतला नसेल, तरी पॉलिसी रद्द करून उरलेल्या मुदतीचा परतावा मागता येतो.

सोसायटीचं मात्र अजून अडलेलं आहे. आदर्श उपविधीप्रमाणे सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपाविरुद्ध विमा उतरवायचा असतो. पूर त्यात आहे का, जिना, लिफ्ट, पंप धरलेत का, हे कळल्याशिवाय फ्लॅटच्या पॉलिसीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते नीट ठरत नाही. मुलीने सेक्रेटरींकडे पॉलिसीची प्रत मागितली आहे. दोन महिने झाले, ते म्हणतात फाइल कपाटात आहे आणि कपाटाची चावी खजिनदारांकडे. खजिनदार सध्या गावी गेलेत.